शेवटच्या कुणग्यात बार नाही

सेम्बावांग, सिंगापूर
११ जून २००६

प्रिय शैलाआत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

आमसुलं पोचली. पिशवी मध्ये कुठेतरी उघडून पाहिलेली दिसते, कारण सुतळीची गाठ तुझी नव्हती. तुझी गाठ मी ओळखते. आर्याने दोन वाट्या सोलकढी प्यायली आणि "नॉट बॅड, ला" म्हणाली. (हे "ला" म्हणजे इथल्या बोलीचं शेपूट.) चौदाव्या वर्षी याहून मोठी पावती इथे कुणाला मिळत नाही.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि पावसात तुमची लाइन महिना महिना मेलेली असते, म्हणून पत्रच बरं. शिवाय लिहिताना आपलं म्हणणं पुन्हा तपासता येतं. शिरीष म्हणतो, दिवसभर बँकेत लोकांचे हिशेब तपासून पोट भरत नाही का हिचं? भरत नाही.

मरीन परेडचा भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही इकडे उत्तरेला राहायला आल्याचं तुला मागे लिहिलं होतं. इथे एक खोली जास्तीची आहे. तिला आम्ही आत्याची खोली म्हणतो. शिरीषने तिथे इस्त्रीचं टेबल नेऊन ठेवलं होतं, ते मी उचलायला लावलं. अण्णांना जाऊन डिसेंबरात तीन वर्षं होतील. तू त्या घरात एकटी आहेस. गणपती उरकले की सप्टेंबरात ये, महिनाभर राहा.

आई गेल्यावर तू मला तुझ्याकडे नेलंस. शाळेत घातलंस, वेणी घालायला शिकवलंस आणि बंदूक धरायलाही. त्याची फेड म्हणून बोलावते आहे असं मनात आणू नकोस. फेड होण्यासारखं ते नाही, हे मला कळतं. नुसतं बोलावते आहे.

शनिवारी अजून क्लबात जाते. मातीच्या थाळ्या हवेत उडवतात, त्या फोडायच्या. तू काजीच्या झाडाला करवंटी टांगायचीस, तेच हे, फक्त इथली करवंटी पळते. बार टाकण्याआधी श्वास अर्धा सोडायचा, हे अजून तुझ्याच आवाजात ऐकू येतं.

तुझी
शुभदा


व्हाळवाडी, ता. कुडाळ
२८ जून २००६

चि. शुभदा,

तुला, जावईबापूंना आणि आर्याला पोटभर आशीर्वाद.

येते. पासपोर्ट तू हट्टाने काढायला लावलास तो पितळेच्या डब्यात आहे, त्यावरचा माझा फोटो चोरासारखा आलाय. विमानात बसायची भीती वाटत नाही. तिथे जेवण कुणाच्या हातचं असतं, तेवढं कळव.

एकच अडचण आहे. सप्टेंबरात म्हाळ येतो. ह्यांची तिथी अष्टमी. गेली दोन वर्षं पान मीच ठेवलं, आणि आम्हाला मूल नाही, त्यामुळे मी आहे तोवर ठेवणारं दुसरं कोणी नाही. तिथेच करीन म्हणते. तुमच्याकडे कावळे आहेत ना? आर्या मागे आली होती तेव्हा म्हणाली की तुमच्याकडे रस्तेसुद्धा धुतात. जिथे रस्ते धुतात तिथे कावळा काय खाऊन जगेल, असं मनात आलं म्हणून विचारते. कावळे नसतील तर म्हाळ आटोपून येईन, पण मग कापणी येते. नीट बघून कळव.

ह्यांचं पान उपाशी राहिलेलं मला चालणार नाही. तुला माहीत आहे त्यांचं जेवण. पानावर बसायच्या आधी वाटी घेऊन शेजारी डोकवायचे. "आधी शेजारच्या चुलीर काय शिजला ता बघया." शेजारच्या रवींद्रच्या आईने एकदा दारच लावून घेतलं, तर ह्यांनी खिडकीतून वाटी आत सरकवली.

लावणी चालू आहे. डुकरं सध्या रताळ्यांच्या वेलांवर आहेत. यंदा शेताच्या राखणीला माळ्यावर मी बसत नाही, रवींद्र बसतो. मला कंटाळा आला. एस्टीतून रिटायर झाल्यापासून त्यालाही काम हवंच होतं. परवाना माझ्या नावावर, म्हणून तो बंदुकीला हात लावत नाही. डबा बडवतो आणि फटाके लावतो. ह्यांचा नियम मी त्याला आधीच सांगून ठेवला आहे: शेवटच्या कुणग्यात बार नाही. व्हाळाच्या काठचा तो भाताचा तुकडा डुकरांचा, वरचे आपले. तिथे डबासुद्धा बडवायचा नाही.

तू थाळ्या फोडतेस हे वाचून हसले. मेलेल्या थाळीचं पुढे काय करता गो? आमच्यात बार टाकायचा तो शेत वाचवायला. नुसतंच फोडायचं म्हणजे तुम्हा श्रीमंतांचं काम.

तुझी
आत्या


सेम्बावांग
१२ जुलै २००६

प्रिय शैलाआत्या,

नमस्कार. तू येणार म्हटल्यावर घरात जो गोंधळ झाला तो इथल्या भिंतींना नवा होता. तिकीट नऊ सप्टेंबरचं काढलं आहे. मुंबईत सुबोध तुला विमानतळावर सोडील. माझा जुना सहकारी आहे, फार सांभाळून नेणारा. जेवण शाकाहारी सांगितलं आहे. हातचं कुणाच्या, ते कंपनीलाही सांगता येणार नाही.

कावळ्यांचं विचारलंस. सिंगापुरात कावळे आहेत. पूर्वी तर फारच होते.

वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं इथे होईल. लिटिल इंडियात एक मोठं दुकान रात्रंदिवस उघडं असतं, तिथे केळीची पानंही मिळतात. काळे वाटाणे तेवढे मिळत नाहीत, ते तू आण.

तुला एक मैत्रीण पाहून ठेवली आहे. आमच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर मॅडम कोह राहतात, तुझ्याच वयाच्या. या लोकांचाही आपल्या पितृपंधरवड्यासारखा एक महिना असतो. रस्त्याकडेच्या गवतावर पितरांना भात, संत्री, गोड पदार्थ ठेवतात, उदबत्त्या लावतात. यंदा त्यांचा हा महिना दोनदा आला आहे, आपल्या अधिकासारखा. दुसऱ्या खेपेला पुष्कळ जण काही करत नाहीत. मॅडम कोह मला म्हणाल्या, दार दोनदा उघडणार असेल तर जेवायला एकदाच कसं घालायचं?

तुला माळ्याचा कंटाळा आल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं. बरी आहेस ना?

तुझी
शुभदा


सेम्बावांग
६ ऑगस्ट २००६

प्रिय आत्या,

तुझं उत्तर यायच्या आत पुन्हा लिहिते आहे. मागच्या पत्रात कावळ्यांबद्दल मी जे लिहिलं, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि तरी ते खोटं आहे. बँकेत कुणी मला असं लिहून दिलं असतं तर मी कागद परत पाठवला असता.

आता सरळ सांगते. मी क्लबात फक्त थाळ्या फोडत नाही. मी कावळे मारते.

इथे मध्यंतरी कावळे अतोनात वाढले. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या उघड्या खानावळींत, ताटातलं उचलून न्यायचे, पिल्लांच्या दिवसांत शाळेतल्या मुलांच्या डोक्यावर झेप घ्यायचे. लोकांच्या तक्रारी झाल्या. आमच्या क्लबातले काही सभासद सरकारी परवानगीने ते मारायला जातात. नारिंगी जाकीट घालायचं, आधी माणसं दूर करायची, मग झाडाखाली उभं राहायचं, आणि शेवटी पडलेलं सगळं पिशवीत भरून न्यायचं. दोन वर्षांपूर्वी मला विचारलं, आणि मी हो म्हटलं.

हो का म्हटलं, याचा मी खूप विचार केला. माझा नेम चांगला आहे, आणि काम होणारच असेल तर नेम असलेल्याने करावं, म्हणजे पक्षी तडफडत राहत नाही. हे एक. तुकडीत मी एकटी बाई आहे आणि "गुड शॉट, मॅडम" ऐकायला मला आवडतं. हे दुसरं. दोन्ही खरी आहेत. कुठलं किती, ते मला आजही ठरवता येत नाही.

मे महिन्यात आमच्याच वसाहतीचं काम निघालं. कालव्याजवळच्या मोठ्या पर्जन्यवृक्षावर त्यांची वस्ती होती. दुसरीकडे जाते तशी मी इथेही गेले. आपल्याच दारात आहे म्हणून नाही म्हणावं, हे मला ढोंग वाटलं. एक कावळा जखमी होऊन मॅडम कोहंच्या खिडकीखालच्या झुडपात पडला. जखमी सोडायचा नाही, हा तुमचा धडा. बाकीचे थांबायला तयार नव्हते, मी एकटी शोधत राहिले. सापडला. जे करायचं ते केलं. वर झाडावर उरलेले ओरडत होते आणि मी जाकिटात, तोंड वर करून, त्यांच्या अगदी खाली.

तेव्हापासून आमच्या ब्लॉकजवळ एखादाच कावळा दिसतो. मी साध्या कपड्यांत बसस्टॉपवर जायला निघाले तरी तो ओरडून उडून जातो. शिरीष खाली गेला तर बसून राहतो. कावळा माणूस विसरत नाही, असं तूच म्हणायचीस.

म्हणजे तू येशील, वडे करशील, अण्णांचं पान मांडशील आणि वाट बघशील. आणि कावळा का येत नाही याचं कारण तुझ्या पाठीशीच उभं असेल.

अण्णा वाफ्यात बसून मला पाखरांची नावं सांगायचे. त्यांचं पान माझ्यामुळे उपाशी राहील, या विचाराने मला हातातलं काम सुचत नाही. तू विमानात बसण्याआधी हे तुला कळायला हवं होतं. म्हाळ करून मग यायचं ठरवलंस तर मला समजेल. अजिबात न यायचं ठरवलंस तरी समजेल. यावंस असं मात्र फार वाटतं.

शुभदा


सेम्बावांग
२७ ऑगस्ट २००६

प्रिय आत्या,

आज गणपती बसले. तुझं उत्तर नाही. फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. पावसात लाइन मेली की वाजतसुद्धा नाही, इतकं मला माहीत आहे. म्हणजे लाइन चालू आहे आणि तू उचलत नाहीस.

तुझा राग मला मान्य आहे. तुकडीच्या प्रमुखांना मी सांगितलं की पुढच्या महिन्यापासून मला धरू नका. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, घरगुती. काय सांगणार होते?

तुझं तिकीट मी रद्द केलेलं नाही. तुझ्या खोलीत नवी चादर घातली आहे.

शुभदा


व्हाळवाडी
सध्या मुक्काम कुडाळचा दवाखाना, २४ ऑगस्ट २००६

चि. शुभदाताईस,

पत्र लिहिणार रवींद्र पाळेकर, रिटायर्ड कंडक्टर, तुझ्या आत्याचा शेजारी. वहिनींचा उजवा हात प्लास्टरात आहे. त्या सांगतात तसं लिहितो. काळजीचं कारण नाही, जीभ शाबूत आहे. आता इथून पुढे वहिनी.

शुभे, आशीर्वाद. तुझं कावळ्यांचं पत्र मला इथे दवाखान्यात मिळालं. रवींद्रने वाचून दाखवलं. त्याचा आवाज एस्टीतला, त्यामुळे वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी ऐकलं. त्यातल्या दोघी तुझ्या बाजूच्या आहेत. एक नाही, पण तिला कोंबड्यांचा धंदा आहे का म्हणून मी विचारलं, तेव्हापासून गप्प आहे.

आधी माझं ऐक, मग तुझं. मला कंटाळा बिंटाळा काही आला नव्हता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तुला कळवलं असतं तर तू विमानाने डॉक्टर पाठवला असतास. (हे खरं आहे. मी दोन वर्षं सांगतोय, ऑपरेशन करा. र. पा.)

हळवं भात निसवलं, कणसं बाहेर आली आणि डुकरं रोज येऊ लागली. वनखात्याची परवानगी हातात होती. एक दिवस रवींद्रला ताप. म्हटलं, आपण बसू, किती दिवस बाईमाणसाने घरात बसायचं. तिन्हीसांजेला खालच्या अंगाला भात हललं. मला वाटलं पाचवा कुणगा. बार टाकला. तो शेवटचा होता, शुभदा. ह्यांच्या डोळ्यांदेखत तीस वर्षांत जिथे बार झाला नाही, तिथे मी टाकला, कारण मला बांध मोजता आला नाही. आणि नुसतं चुकलं असतं तर बरं, डुक्कर जखमी होऊन रानात गेलं.

सकाळी रवींद्रला तापातून उठवलं. (अजून उतरला नव्हता. र. पा.) कुत्री घेतली आणि मागावर निघालो. व्हाळापलीकडे करवंदीच्या जाळीत सापडलं. बंदूक डाव्या खांद्याला लावली, डाव्या डोळ्याने बघितलं आणि त्याला सोडवलं. खात्याची माणसं आली, पंचनामा करून त्यांनी ते पुरलं. कुत्र्यांना त्यांचा वाटा मिळाला नाही म्हणून ती दिवसभर रुसली. मी सगळं नीट करून परत येताना व्हाळात घसरले आणि मनगट मोडलं. डुकराने काही केलं नाही, शेवाळाने केलं.

म्हणून मी आता येत नाही. तिकिटाचं काय होतं ते बघ. हात सुटला की डोळा करायचा, मग बघू.

आता तुझं. तुझ्या पत्राचा राग आला का, तर आला. मागच्या पत्राचा आला. मला गुंडाळलंस त्याचा. कावळ्यांचा आला नाही. डुक्कर हा देवाचा अवतार, असं मी कीर्तनात ऐकते आणि घरी येऊन काडतुसं उन्हात घालते. दोन्ही मला जमतं, मग तुला का जमू नये? मी एवढंच विचारते, तुम्ही त्यांना शेवटचा कुणगा ठेवलात का? एखादं झाड, जिथे बार नाही? ठेवलं नसेल तर ते वाईट. मारलंत त्यापेक्षा ते वाईट.

आणि स्वतःवरच्या रागाच्या भरात जाकीट परत करायला जाऊ नकोस. तू सोडलंस तर तुझ्या जागी दुसरा उभा राहील, आणि जखमी शोधायला तो झुडपात शिरेल याची खात्री काय?

आता काम सांगते. ह्यांचं पान यंदा तू ठेव. मला एका हाताने वडे थापता येत नाहीत. इथे रवींद्र भटजींना शिधा देईल, पण पान घरच्या माणसाने मांडायचं. भटजी म्हणतील पुरुष हवा. जावईबापूंना शेजारी उभं कर, पान तू मांड. आम्हाला मूल नाही असं मागे मी लिहून गेले. त्यानंतर दोन दिवस ते मला खुपत होतं. हाताने लिहिलं म्हणजे ते खरं असतं असं नाही.

कावळा तुला ओळखतो म्हणतेस ना? मग ओळखीच्या माणसाने जेवायला बोलावलं म्हणजे काय करायचं, ते त्याला ठरवू दे.

आत्या
(वहिनींचा अंगठा घेऊ का विचारलं, तर प्लास्टर उगारलं. र. पा.)


सेम्बावांग
१६ सप्टेंबर २००६

प्रिय आत्या,

तुझं पत्र आणि माझं सत्तावीसचं पत्र वाटेत कुठेतरी एकमेकांसमोरून गेली. तुझं हाती आलं तेव्हा तू रागावली आहेस असं धरून मी स्वतःला शिक्षासुद्धा ठोठावून मोकळी झाले होते. तू दवाखान्यात आणि मी इथे नवी चादर घालून उसासे टाकते आहे. रवींद्रकाकांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या कंसांनी तुझी तब्येत मला जेवढी कळली तेवढी तुझ्या वाक्यांनी कळली नसती.

काल अष्टमी झाली. सगळं सांगते.

मी रजा घेतली होती. काळे वाटाणे नाहीत म्हणून काळे चणे वापरले, ते अण्णांनी चालवून घ्यावेत. वडे फुगले. शिरीषने भोपळा चिरला, आणि त्याने तो चिरला हे दिवसभर सगळ्यांना सांगितलं. पान कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. गॅलरीत कावळा कधीच येत नाही. गच्चीला कुलूप. खाली गवतावर ठेवावं, तर अन्न टाकून घाण केली म्हणून कुणीतरी तक्रार करील, आणि तक्रार झाली की पुढे काय होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तेव्हा मॅडम कोहंना विचारलं. त्या काल आपलं दुसऱ्या खेपेचं करणारच होत्या. अण्णा कोण, तू कोण, माझा कावळ्यांशी काय संबंध, सगळं सांगितलं. मे महिन्यात त्यांच्या खिडकीखाली झुडपात शिरलेली नारिंगी जाकिटातली बाई मीच, हेही. त्या म्हणाल्या की ते त्यांना तेव्हाच ठाऊक होतं, त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. मग आपली चटई थोडी सरकवून म्हणाल्या, "ठेव इथे. येणारे रांग थोडीच लावतात."

तर गवतावर त्यांची भाताची वाटी, संत्री आणि हिरव्या-पांढऱ्या थरांचे गोड कुए, त्यांच्या उदबत्त्या, आणि शेजारी आपलं केळीचं पान. मी पाणी फिरवलं, हात जोडले. शिरीष शहाण्यासारखा शेजारी उभा राहिला.

कावळा होता. कालव्याजवळच्या झाडावरून दिव्याच्या खांबावर येऊन बसला. मला बघून ओरडला आणि परत झाडावर गेला. पुन्हा आला, पुन्हा ओरडला. असं कितीदा झालं, मी मोजलं नाही. शिरीष म्हणाला, थांबू या. मॅडम कोहंनी खुर्ची आणली. आत्या, माझ्या मनात तेव्हा एकच चाललं होतं, की अण्णांच्या पानापाशी निदान मी उभी राहायला हवी. पान मांडून निघून जायचं कसं? आणि मग लक्षात आलं की मी तिथे उभी राहणं ही माझी गरज होती. अण्णांची नव्हती. बार टाकायचा नसेल तेव्हा शिकाऱ्याने माळा सोडावा.

मी जागा सोडली. आत लिफ्टपाशी गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे काचेतूनही दिसायला नको. आर्या बाहेर थांबली. तिने मोबाइल लावला. आधी नुसता रस्त्याचा आवाज, मग ती कुजबुजली, "आई, ही इज कमिंग डाउन."

मी मोबाइल कानाला घट्ट लावला.

"बट ही ईटिंग आंटीज कुए फर्स्ट, ला."

मग म्हणाली, "नाउ युअर्स. वडा." आणि तिला शब्द सुचला नाही म्हणून मराठीत म्हणाली, "नीट खातोय."

मी त्याला पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर लिफ्टचं बटण होतं. तरी त्या घटकेला मला वाटलं ते तुला सांगते: आजवर मला जे मिळालं ते सगळं असंच मिळालं आहे, मी न पाहता. मॅडम कोहंनी खिडकीतून बघून काही न बोलणं. तुझं मला घरी नेणं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आत्ताच्या आर्याएवढी, आणि तुझ्या घरात दुसरा माणूस वाढल्याने काय काय बदललं असेल हे मी कधी विचारलंही नाही.

नंतर सगळं गोळा केलं, गवत स्वच्छ केलं. जाकीट अजून कपाटात आहे. पुढच्या आठवड्यात तुकडीची बैठक आहे. तिथे शेवटच्या कुणग्याबद्दल बोलणार आहे. त्यांना ते कसं समजावायचं ते माहीत नाही. समजावता आलं नाही तर जाकीट परत.

एक शंका मात्र जात नाही, आणि ती तुलाच विचारायची. तो आधी शेजारच्या पानावर गेला. आपलं पान त्याने नंतर, उरलेल्या भुकेत खाल्लं. हा माझ्यावरचा राग समजायचा का? की तो नुसता भुकेला कावळा होता आणि अण्णांपर्यंत काही पोचलंच नाही? तू मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. खरं वाटेल ते लिही.

तुझी
शुभदा


व्हाळवाडी
४ ऑक्टोबर २००६

शुभे,

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर डुकराने उकरल्यासारखं दिसेल. रवींद्रला हे पत्र लिहायला द्यायचं नव्हतं. तुझं पत्र वाचून दाखवताना तो रडला आणि घाम आला म्हणाला.

प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघतं. डोळा दिवाळीनंतर. वरचे कुणगे वाचले. शेवटचा डुकरांनी पार झोपवला, बघून बरं वाटलं.

तुझ्या शंकेचं. एवढं शिकलीस आणि मला विचारतेस? स्वतःचं पान मांडलेलं टाकून जो आधी शेजारच्या चुलीवर काय शिजलं ते बघायला गेला, तो कोण, हे मी तुला सांगायचं? मी तर आर्याचं वाक्य वाचलं आणि खिडकीशी वाटी घेऊन हे उभे दिसले मला.

त्या कोहबाईंना माझा नमस्कार सांग. ते हिरवं-पांढरं काय होतं, ते कसं करतात, त्यांच्याकडून नीट विचारून घे. नारळाचं दूध घालतात का तेही विचार. डोळा झाला की मी येतेच आहे, तेव्हा शिकून घेईन. ह्यांना आवडलेलं दिसतं, पुढच्या म्हाळाला करायला हवं.

तुझी
आत्या